८६६ मेगाहर्ट्झचे लोरा नोड तपासायला सिग्नल जनरेटर कोणता घ्यावा?

मातीतला_नोड

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे मित्र दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागांसाठी बिनतारी नोड बनवतो. जमिनीतला ओलावा आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजायचं आणि गेटवेला, म्हणजे सगळ्या नोडचं ऐकणाऱ्या मधल्या यंत्राला, पाठवायचं. केवडा रोगाची फवारणी नेमकी कधी करायची ते पान किती तास ओलं होतं यावर ठरतं, त्यामुळे एका रात्रीची आकडेवारी हुकली तरी बागायतदाराचा फोन येतो.

आत सेमटेकची एसएक्स१२७६ ही लोराची (कमी विजेत लांबवर थोडी माहिती पाठवणारी बिनतारी पद्धत) चिप आहे, भारतासाठी ठरलेल्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. पहिल्या खेपेचे नोड दोन किलोमीटरवरून आरामात बोलतात. नव्या खेपेतले बरेचसे हजार-बाराशे मीटरच्या पुढे गेले की गप्प. बोर्ड तेच, फर्मवेअर तेच. बागेत नोड घेऊन हिंडून काही कळत नाही, कारण एक ट्रॅक्टर आडवा आला तरी आकडे बदलतात. म्हणून हव्या त्या वारंवारतेचा, हव्या तितक्या ताकदीचा सिग्नल देणारा जनरेटर घेऊन टेबलावर बसून मोजायचं ठरवलंय.

बजेट दीड लाखाच्या आत. एडीएफ४३५१ चा तयार बोर्ड काही हजारांत मिळतो, ३५ मेगाहर्ट्झ ते ४.४ गिगाहर्ट्झ. दुसरा पर्याय जुन्या बाजारातला एचपी किंवा मार्कोनी. तिसरा, एखाद्या कंपनीचा नवा पण अगदी प्राथमिक जनरेटर. तुम्ही काय घ्याल?

केबल_आणि_कनेक्टर

बोर्ड घ्या, उरलेल्या पैशांत अँटेना घ्या. ४.४ गिगापर्यंत जातो, अजून काय हवं?

प्राची_आरएफ

आधी एक विचारते. नोड गप्प म्हणजे गेटवेला नोड ऐकू येत नाही, की नोडला गेटवेचं उत्तर ऐकू येत नाही? सिग्नल जनरेटर फक्त रिसीव्हर तपासतो. नोडचा ट्रान्समीटर कमकुवत असेल तर जनरेटर कितीही भारी घेतलात तरी ते कळणार नाही, त्याला पॉवर मीटर किंवा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लागेल. गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक पॅकेटची सिग्नल पातळी असते. जुन्या आणि नव्या खेपेचे नोड एकाच खांबावर लावून तो आकडा बघा. नोडलाही गेटवेचं उत्तर किती पातळीला मिळतं ते छापायला लावा. दोन्ही दिशांना सारखीच घट दिसली तर दोन्हींत सामाईक काय आहे ते शोधायचं.

आता मूळ प्रश्न. वरच्या उत्तराशी मी असहमत आहे. जनरेटर निवडताना वारंवारता किती वर जाते हे सगळ्यात शेवटी बघायचं. तो किती लहान सिग्नल खरेपणाने देतो हे सगळ्यात आधी.

तुमच्या चिपची संवेदनशीलता, म्हणजे तिला जेमतेम वाचता येणारा सिग्नल, १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि स्प्रेडिंग फॅक्टर १२ (सगळ्यात संथ पण लांब पोचणारी मांडणी) ला साधारण −१३७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डीबी वर-खाली ते डीबीएम; १० डीबी म्हणजे दहापट). हा आकडा येतो कुठून बघा. सामान्य तापमानाला दर हर्ट्झमागे −१७४ डीबीएम इतका उष्णतेचा गोंगाट असतोच. १२५ किलोहर्ट्झचे ५१ डीबी मिळवले की −१२३. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज फिगर, म्हणजे त्याने घातलेला जादा गोंगाट, ६ धरला तर −११७. आणि लोरा गोंगाटाच्या २० डीबी खालचंही वाचतं, म्हणून −१३७. इतक्या खालचा सिग्नल तुम्हाला टेबलावर तयार करायचाय.

एडीएफ४३५१ चं कमीत कमी आउटपुट −४ डीबीएम. तिथून −१३५ पर्यंत जायला सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे १३१ डीबीचे अ‍ॅटेन्युएटर लागतील. समजा लावलेत. पण तो उघडा बोर्ड हवेतूनही गळतोच. ८६६ मेगाहर्ट्झला एक मीटर अंतरावर हवेतला तोटा फक्त ३१ डीबी असतो. बोर्डातून एक नॅनोवॅट, म्हणजे −६० डीबीएम जरी गळलं, तरी शेजारच्या नोडला ते −९१ ला पोचणार. केबलमधून येणाऱ्या तुमच्या −१३५ च्या ४४ डीबी वर! तुम्ही अ‍ॅटेन्युएटर फिरवत बसाल आणि रिसीव्हर मजेत ऐकत राहील.

केबल_आणि_कनेक्टर

ताई, हिशोब पटला. शब्द मागे घेतो.

जुना_मेकॅनिक

प्राचीताईंचं म्हणणं सोळा आणे खरं. आम्ही रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हाही हीच कसोटी होती. ४५५ किलोसायकलवर आयएफटी (रेडिओच्या आतले ट्रान्सफॉर्मर) जुळवायचं, मग ६०० आणि १४०० ला ट्रॅकिंग. जनरेटर अगदी कमी करायचा आणि कानाला जेमतेम ऐकू येईल इतक्यावर काम करायचं, कारण जोराचा सिग्नल दिला की एजीसी (आपोआप पातळी सांभाळणारी सोय) गेन कमी करून टाकते आणि शिखर कुठे आहे ते कळतच नाही. स्वस्त ऑसिलेटर असायचे त्यांचा नॉब शून्यावर आणला तरी सिग्नल चालूच, डब्याच्या फटीतून. चांगला जनरेटर शून्यावर आणला की खोलीत खरंच शांतता व्हायची.

शेवटचा हात फिरवायला पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ होतंच. दुपारच्या बातम्या लागल्या की गिऱ्हाईक खूश.

हर्षल_डिप्लोमा

आमच्या लॅबमध्ये फंक्शन जनरेटर आहे, साइन, स्क्वेअर, त्रिकोणी. त्याने नाही का होणार?

जुना_मेकॅनिक

नाही रे बाळा. तो काही मेगाहर्ट्झपर्यंतच जातो आणि आउटपुट व्होल्टमध्ये देतो. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर, डिजिटल सर्किट यांना उत्तम. बिनतारी रिसीव्हरला मायक्रोव्होल्ट आणि त्याचेही अंश लागतात. ५० ओहमला एक मायक्रोव्होल्ट म्हणजे −१०७ डीबीएम, एवढं पाठ करून ठेव, आयुष्यभर उपयोगी पडेल.

अवांतर: तुझ्या लॅबमधल्या साइनवेव्ह यंत्राचा पूर्वज फार मोठा आहे. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली कंपनी काढली तेव्हा पहिलं उत्पादन होतं २००ए हा ऑडिओ ऑसिलेटर. आउटपुटची उंची स्थिर ठेवायला त्यांनी सर्किटमध्ये चक्क एक छोटा दिवा लावला. सिग्नल वाढला की फिलामेंट तापते, तिचा रोध वाढतो आणि गेन आपोआप कमी होतो. पुढच्या २००बी मॉडेलचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने घेतले.

मिरकरवाडा_व्हीएचएफ

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्याकडे मासेमारी नौकांचे मरीन व्हीएचएफ सेट दुरुस्तीला येतात. ओपींचा (धागा काढणाऱ्यांचा) प्रश्न लोराचा आहे, पण रिसीव्हर तपासायची पद्धत सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल.

जनरेटर १५६.८ मेगाहर्ट्झवर लावायचा, म्हणजे चॅनल १६. संकटाची हाक याच चॅनलवर येते, त्यामुळे इथे तडजोड नाही. एक किलोहर्ट्झचा टोन, डेव्हिएशन (वारंवारता किती हलते ते) ३ किलोहर्ट्झ. स्पीकरच्या तारांवर सिनॅड मीटर (आवाज गोंगाटापेक्षा किती स्पष्ट आहे ते डीबीत सांगणारा). मग आउटपुट खाली आणत जायचं, सिनॅड १२ डीबीला आला की थांबायचं. चांगला सेट पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो. एक मायक्रोव्होल्ट लागत असेल तर पुढचा आरएफ स्टेज मेलाय किंवा खाऱ्या हवेने कनेक्टर खाल्लाय. आमच्याकडे बहुतेक वेळा दुसरं. कनेक्टर उघडला की आत हिरवी बुरशी जमल्यासारखी दिसते.

सिनॅड मीटर नसेल तर साधा एसी व्होल्टमीटर पुरतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना गोंगाट बंद ठेवणारी सोय) उघडा, आवाज मध्यम ठेवा, गोंगाटाचं व्होल्टेज लिहून घ्या. मग मॉड्युलेशन बंद करून नुसता कॅरिअर द्या आणि व्होल्टेज एक दशांश होईपर्यंत वाढवा. ही २० डीबी क्वाएटिंगची जुनी रीत. आकडा सिनॅडपेक्षा थोडा वेगळा येतो, पण चांगला सेट आणि बिघडलेला सेट लगेच वेगळे पडतात.

हौशी_व्हीयू

मिरकरवाडा, मस्त प्रतिसाद. एक धोक्याची सूचना जोडतो, कारण हॅम (हौशी रेडिओ) मंडळींमध्ये हे फार होतं. हँडसेट जनरेटरला जोडलेला असताना चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की पाच वॅट, म्हणजे ३७ डीबीएम, उलट जनरेटरच्या आउटपुटमध्ये शिरतात. जुन्या यंत्रांतले अ‍ॅटेन्युएटरचे बारीक रेझिस्टर त्याच क्षणी जातात. वाईट म्हणजे यंत्र बंद पडत नाही. ते चालू राहतं आणि खोटं बोलायला लागतं. पडद्यावर −११०, बाहेर भलतंच.

उपाय सोपा आहे. ट्रान्सीव्हर तपासताना मध्ये कायम ३० किंवा ४० डीबीचा, पुरेशा वॅटेजचा अ‍ॅटेन्युएटर ठेवायचा आणि तितके डीबी हिशोबात धरायचे. माइक आधी काढून बाजूला ठेवायचा. उलट पॉवरपासून संरक्षण असलेले जनरेटर मिळतात, पण विकत घेताना ते संरक्षण अजून जिवंत आहे का ते विचारा.

मिरकरवाडा_व्हीएचएफ

म्हणूनच आम्ही सर्व्हिस मॉनिटर वापरतो. मार्कोनी २९५५ सारख्या यंत्रात जनरेटर, पॉवर मीटर, फ्रिक्वेन्सी काउंटर, डेव्हिएशन मीटर, सगळं एकाच पेटीत. एन कनेक्टरवर सेट जोडला की रिसीव्हर तपासा, पीटीटी दाबलं की पॉवर आणि डेव्हिएशन दाखवतो. मरीन सेटचे २५ वॅट हाय आणि १ वॅट लो, दोन्ही तिथेच दिसतात. वजन मात्र दोघांनी उचलावं असं.

सावळाराम_क्लासेस

एक शंका. याच जनरेटरला पुढे अ‍ॅम्प्लिफायर लावून क्लासमधले मुलांचे मोबाइल बंद करता येतील का? परीक्षेच्या वेळी फार त्रास होतो.

हौशी_व्हीयू

नाही, आणि कृपया प्रयत्नही करू नका. जॅमर बाळगणं आणि चालवणं सामान्य नागरिकाला बेकायदेशीर आहे. तुमच्या भिंतीपाशी ते थांबत नाही. खालच्या मजल्यावर कुणाला छातीत दुखलं आणि १०८ ला फोन लागला नाही तर? दारात टोपली ठेवा, फोन त्यात जमा करून घ्या.

सावळाराम_क्लासेस

पटलं. टोपलीच ठेवतो.

खोडद_रस्ता

याच विषयाला धरून. मातीतला_नोड, तुम्ही उद्या जुन्नर-नारायणगावकडे द्राक्षांना नोड लावायला आलात तर लक्षात ठेवा, खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, आणि त्या जे ऐकतात ते जान्स्कीमध्ये मोजतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटर दर हर्ट्झमागे १० चा उणे २६ वा घात वॅट. त्यांचा एक पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे तुमच्या ८६५ च्या अगदी शेजारी. तुमचा ट्रान्समीटर नियमात असला तरी त्याच्या आजूबाजूचा कचरा किती आहे ते स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर बघून मगच या भागात लावा, आणि त्यांच्या लोकांशी आधी बोला. आमच्या गावाला या दुर्बिणीचा फार अभिमान आहे.

मातीतला_नोड

खोडद_रस्ता, हे डोक्यातच आलं नव्हतं. बोलून घेऊ, नक्की.

प्राचीताई, शनिवारी बागेत जातोय, तुम्ही सांगितलेलं मोजून आणतो. तोवर एक विचारतो. साधा एचपी किंवा मार्कोनी घेतला तरी तो लोरा सिग्नल तयार करू शकेल का? त्यात तर एएम-एफएमच दिसतंय.

प्राची_आरएफ

नेमका प्रश्न विचारलात. नाही करू शकणार. लोराचा चर्प, म्हणजे सतत सरकत जाणाऱ्या वारंवारतेचा सिग्नल, तयार करायला वेक्टर सिग्नल जनरेटर लागतो, ज्यात सिग्नलच्या आय आणि क्यू अशा दोन घटकांच्या नमुन्यांची फाइल भरून वाजवता येते. तो नवा घ्यायचा तर तुमच्या बजेटच्या कित्येक पट. पण साध्या जनरेटरने दोन कामं तरीही होतात. चिप एफएसके (लोरा नसलेल्या, साध्या) मोडमध्ये टाका आणि जनरेटरवरून नुसता कॅरिअर द्या, मग चिपचा आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलची पातळी) रजिस्टर वाचा. सगळ्या बोर्डांना तोच −९० डीबीएम दिला आणि एखादा बोर्ड ६ डीबी कमी वाचत असेल तर त्याच्या पुढच्या भागात काहीतरी गडबड आहे. दुसरं, ब्लॉकिंग. शेजारच्या मोबाइल टॉवरचा जोरदार सिग्नल असताना तुमचा नोड किती बहिरा होतो ते कळतं.

खऱ्या पॅकेटची चाचणी जनरेटरशिवाय होते. एक चांगला नोड ट्रान्समीटर म्हणून ठरवा आणि पत्र्याच्या डब्यात बंद करा. मध्ये अ‍ॅटेन्युएटरची साखळी, पलीकडे दुसऱ्या डब्यात तपासायचा नोड. ट्रान्समीटर +१४ डीबीएम देत असेल तर −१३५ पर्यंत जायला जवळपास १५० डीबी लागतात. हजार पॅकेट पाठवा, किती पोचली मोजा. मग एक-एक डीबी घट वाढवत जा. पॅकेट गळायला लागतात तो उतार फार तीव्र असतो, दोन-तीन डीबीत सगळं ते काहीच नाही. त्यामुळे बोर्डांची तुलना छान होते.

पत्र्याचा_डबा

अखेर माझा विषय आला! अशा डब्यांवर मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालतो, पण झाकणाच्या कडेला रंग आणि लॅकर असतो. धातूला धातू टेकतच नाही आणि पूर्ण गोल एक लांब फट तयार होते. पॉलिश पेपरने कडेचा रंग आतून-बाहेरून खरवडून चकचकीत करा, मग वाहक गोंदाचा तांब्याचा टेप लावा, आणि झाकण चारी बाजूंनी दाबून धरणारे क्लिप लावा. डब्याला भोक पाडून तारा बाहेर काढू नका. प्रत्येक तार ही अँटेना आहे. बाहेर यावा फक्त बल्कहेड एसएमए (डब्याच्या भिंतीतून जाणारा छोटा कनेक्टर), त्याचा नट डब्याच्या उघड्या धातूवर घट्ट बसलेला.

सगळ्यात मोठी गळती यूएसबी केबलमधून होते. लोक डबा उत्तम करतात आणि मग सीरिअल लॉग बघायला त्यातून यूएसबी बाहेर काढतात. तिथे सगळं संपलं. नोड बॅटरीवर चालवा, आकडे त्याच्याच फ्लॅशमध्ये साठवा आणि डबा उघडल्यावर वाचा.

केबल आरजी-५८ नको, तिची जाळी विरळ असते. दुहेरी जाळीची आरजी-२२३ किंवा आरजी-४०० घ्या. अ‍ॅटेन्युएटर सगळे एकाच टोकाला न लावता निम्मे ट्रान्समीटरच्या डब्याच्या आत आणि निम्मे रिसीव्हरच्या डब्याशी लावा, म्हणजे मधल्या केबलमध्ये सिग्नल आधीच खूप खाली आलेला असतो.

खात्री कशी करायची? केबल रिसीव्हरकडून सोडवा, दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेशन लावा. तरीही पॅकेट येत असतील तर डबा गळतोय.

अन्नपूर्णा

आमच्याकडे कुकरमध्ये ठेवून बघितलं होतं, तरी मोबाइल वाजला!

पत्र्याचा_डबा

वाजणारच हो ताई. कुकरची रबरी रिंग झाकण आणि भांडं वेगळं ठेवते, म्हणजे पुन्हा गोल फट. मायक्रोवेव्ह ओव्हनचंही तसंच. त्याच्या दारातला चोक २.४५ गिगाहर्ट्झच्या पाव तरंगलांबीवर बेतलेला असतो, ८६६ ला तो तितका रोखत नाही.

म्युनिककर

मी इथे म्युनिकमध्ये एका प्रयोगशाळेत आहे, रोजचं काम वेक्टर जनरेटरवरच. जरा दुसऱ्या टोकाची बाजू सांगतो. आमच्याकडे प्रश्न लहान सिग्नलचा नसतो, शुद्ध सिग्नलचा असतो. वायफाय ६ मध्ये १०२४ क्यूएएम (एका वेळी बरेच बिट पाठवायची मांडणी) वापरतात, तिथे ट्रान्समीटरला −३५ डीबी ईव्हीएम (सिग्नल आदर्शापासून किती ढळतो ते) लागतं. वायफाय ७ मध्ये ४०९६ क्यूएएम, −३८ डीबी. रिसीव्हर तपासायला दिलेला सिग्नल याहून बराच स्वच्छ नसेल तर चुका रिसीव्हरच्या की जनरेटरच्या ते कळणार कसं? आणि फाइव्ह-जीच्या २४ गिगाच्या वरच्या पट्ट्यात तर फोनला केबल जोडायला कनेक्टरच नसतो, अँटेना चिपलाच चिकटलेल्या. मग सगळी चाचणी हवेतूनच, शोषक शंकू लावलेल्या खोलीत.

ओपींना यातलं काही लागणार नाही. पण फेज नॉइजकडे मात्र बघा. जनरेटरचा कॅरिअर म्हणजे एक सरळ रेघ नसते, तिच्या दोन्ही बाजूंना गोंगाटाचा घेर असतो. ब्लॉकिंग मोजताना तो घेर तुमच्या चॅनलमध्ये सांडतो आणि रिसीव्हर विनाकारण बदनाम होतो. याच कारणासाठी १९७० च्या दशकातल्या एचपी ८६४०बीचं नाव अजून आदराने घेतात. त्यात यांत्रिक कॅव्हिटी ऑसिलेटर आहे, फेज नॉइज अप्रतिम.

जुना_मेकॅनिक

८६४०बी म्हणजे राजा. पण दोन गोष्टी. मूळ पल्ला ५१२ मेगाहर्ट्झपर्यंतच, ८६६ साठी डब्लर (वारंवारता दुप्पट करणारा भाग) असलेला नग शोधावा लागेल. आणि आतली प्लास्टिकची गिअर चाकं वयामुळे तडकतात. घेताना प्रत्येक नॉब सगळ्या पल्ल्यात फिरवून बघा.

जुनं कोणतंही यंत्र घेताना अ‍ॅटेन्युएटरची प्रत्येक पायरी मोजा. १० डीबी खाली आणलं तर १० डीबीच कमी होतंय का? रिलेचे कॉन्टॅक्ट झिजले की एखाद्या पायरीला आकडा उड्या मारतो, आणि केबिनवर टिचकी मारली की बदलतो. काही यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी गेली की ते पुसले जातात आणि पुन्हा भरणं महाग पडतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात कुणी ‘चालू आहे’ म्हणालं, तर त्याचा अर्थ दिवे लागतात एवढाच धरा.

मिरकरवाडा_व्हीएचएफ

सही बोललात काका. आणि ब्रिटिश यंत्रांत आउटपुट ईएमएफमध्ये दाखवतात की पीडीमध्ये ते बघा. ईएमएफ म्हणजे टोक उघडं असतानाचं व्होल्टेज, ५० ओहमचा रिसीव्हर जोडला की त्याचं निम्मं होतं. सरळ ६ डीबीचा फरक! दोन दुकानदार एकाच सेटच्या संवेदनशीलतेवरून भांडताना मी बघितलेत, एकाचं यंत्र ईएमएफवर, दुसऱ्याचं पीडीवर.

टायनी_भक्त

टायनीएसएचं नाव कुणीच घेतलं नाही! काही हजारांत स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि वर जनरेटरही.

प्राची_आरएफ

अ‍ॅनालायझर म्हणून ओपींनी जरूर घ्यावा, ट्रान्समीटरची पॉवर आणि हार्मोनिक बघायला पैसा वसूल आहे. मात्र थेट +१४ देऊ नका, मध्ये २०-३० डीबी ठेवा. जनरेटर म्हणून, मूळ मॉडेल ८६६ ला चौकोनी लहर देतं आणि पातळी फार खाली जात नाही. तिथे माझा आक्षेप तोच, जो एडीएफबद्दल होता.

नाविक_मंदार

जीपीएसवाल्यांसाठी एक भर. जीपीएस एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ, जमिनीवर पातळी −१३० च्या आसपास. आपल्या नाविक उपग्रह-यंत्रणेचा एल५ ११७६.४५ वर. रिसीव्हर तपासताना जनरेटर थेट जोडू नका! रिसीव्हर आपल्या अँटेनाला वीज पुरवायला त्याच केबलमधून ३ ते ५ व्होल्ट डीसी सोडतो. ते जनरेटरच्या आउटपुटमध्ये गेलं की नुकसान. मध्ये डीसी ब्लॉक हवाच. आणि कृत्रिम जीपीएस कधीही हवेत सोडू नका, फक्त केबलमधून. वरून जाणारं विमान, रस्त्यावरची रुग्णवाहिका, सगळ्यांना ते चुकीची जागा दाखवू शकतं.

मातीतला_नोड

धागा वर काढतोय, बागेतले आकडे आणलेत.

प्राचीताई, तुमचा पहिलाच प्रश्न वर्मी लागला. एकाच खांबावर जुना आणि नवा नोड. गेटवेला नवा नोड ८ ते ९ डीबी कमी ऐकू येतो. आणि नव्या नोडला गेटवेचं उत्तरही जवळपास तितकंच कमी.

मग पत्र्याचा_डबा यांच्या सूचनेप्रमाणे दोन डबे बनवले. कडा खरवडल्या, टेप लावला, बॅटरीवर चालवलं. केबलने जोडल्यावर जुने-नवे बोर्ड एक डीबीच्या आत सारखे! म्हणजे चिप, बोर्ड, मॅचिंग, सगळं ठीक. उरली अँटेना. नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या वारंवारतेला जुळते ते दाखवणारं छोटं यंत्र) लावून बघितलं तर नव्या नोडची स्प्रिंग अँटेना ८६६ सोडून ८३० च्या जवळ जुळलेली. खोकं उघडून निरखलं तेव्हा दिसलं की खोकं पुरवणाऱ्याने आतला बॅटरीचा कप्पा न सांगता बाजूला सरकवलाय. बॅटरी आता स्प्रिंगच्या अगदी अंगाला लागून बसते.

प्राची_आरएफ

वा! दोन्ही दिशांना सारखी घट, म्हणजे अँटेना, हे अगदी पुस्तकातल्यासारखं निघालं. अंतराचा हिशोबही बसतो. जमिनीलगत, वेलींमधून जाताना अंतर दुप्पट झालं की ११-१२ डीबी जातात, तेव्हा ८-९ डीबीत दोन किलोमीटरचे बाराशे मीटर होणारच. बॅटरीने अँटेनाची जुळणी तर खाली खेचलीच, शिवाय बरीचशी ऊर्जा गिळली.

केबल_आणि_कनेक्टर

म्हणजे ‘उरलेल्या पैशांत अँटेना घ्या’ हे माझं अर्धं वाक्य तरी बरोबर होतं :)

प्राची_आरएफ

ते मान्य, मनापासून :)

हर्षल_डिप्लोमा

मग आता जनरेटर घ्यायची गरज उरली का? वाचनखूण साठवली आहे, शेवट कळू दे.

मातीतला_नोड

गरज आहे, फक्त कारण बदललं. पुढच्या खेपेपासून प्रत्येक बोर्ड पेटीत जाण्याआधी दोन तपासण्या करायच्या ठरवल्यात. जनरेटरवरून −९० चा कॅरिअर देऊन आरएसएसआय, आणि डब्यातून पॅकेटची चाचणी. पहिलीसाठी एक गिगापर्यंतचा, सिंथेसाइझ्ड, वापरलेला जनरेटर बघतोय. पायऱ्या मोजल्याशिवाय पैसे देणार नाही, जुना_मेकॅनिक काकांना शब्द. अँटेनासाठी तिसरी तपासणी वेगळी, पूर्ण बंद खोक्यासकट, गच्चीवर ठरलेल्या अंतरावरून.

कॅलिब्रेशन कुठे करून घ्यावं?

म्युनिककर

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली कोणतीही प्रयोगशाळा चालेल, फक्त त्यांच्या मान्यतापत्रात आरएफ पातळी तुमच्या वारंवारतेपर्यंत आणि तुमच्या खालच्या डीबीएमपर्यंत आहे का ते वाचा. बऱ्याच ठिकाणी वारंवारता असते, खालची पातळी नसते. मुंबईत सरकारी ईआरटीएल वेस्ट आहे, तिथेही विचारा.

प्राची_आरएफ

आणि चार चांगले नोड सील करून कपाटात ठेवा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्यातला एक जिगवर (तपासणीच्या साच्यावर) लावून आकडा वहीत लिहायचा. एसएमए कनेक्टर रोज शंभरदा काढ-घाल करून झिजतो, त्याची बातमी सगळ्यात आधी ती वहीच देते. जिगच्या टोकाला बदलता येईल असा छोटा अ‍ॅडॉप्टर लावा, झिजला की तो फेकायचा, जनरेटरचा कनेक्टर वाचतो.

मातीतला_नोड

वही आजच आणली. अ‍ॅडॉप्टर डझनभर मागवतो, त्यासोबत दोन डीसी ब्लॉकही.